नमुन्याचे डॉक्टर

डॉक्टरीणबाईंचं मागणं खरं तर अगदी साधं होतं. त्यांच्या दवाखान्याच्या वेबसाइटवरची बटणं निळी होती, ती त्यांना हिरवी हवी होती.

“भडक नको,” त्या म्हणाल्या, “आणि पुचाटही नको. हिरवं म्हणजे हिरवं वाटलं पाहिजे.”

“होऊन जाईल,” संपादक म्हणाले. “पाच मिनिटांचं काम.”

ज्याने ज्याने आयुष्यात ‘पाच मिनिटांचं काम’ असं म्हटलंय, त्याचं पुढे काय झालं हे ज्याचं त्यालाच ठाऊक. संपादकांचं जे झालं त्यात एका सरकारी कचेरीला ताप झाला, एका फुलदाणीला दंतवैद्यकाचा दांडगा अनुभव चिकटला, आणि एका भल्या माणसाला जिवंत ठेवावं की मारावं याच्यावर भरदिवसा चर्चा करावी लागली.

संपादक म्हणजे वर्तमानपत्राचे वगैरे संपादक नव्हेत. पंप बनवणाऱ्या एका कंपनीचं कामगारांसाठीचं मासिक ते काढत. कोणाला बढती मिळाली, कोणाला मुलगी झाली आणि पंपाची निगा कशी राखावी, एवढाच मजकूर. पुढे मासिक बंद पडलं, पण इमारतीतल्या लोकांनी ठेवलेलं नाव काही बंद पडलं नाही. आता ते जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बसून लोकांना वेबसाइटी करून देत. दुसऱ्या टोकाला त्यांची बायको गणिताचे पेपर तपासत बसे. ती शाळेत गणित शिकवायची, आणि घरी आल्यावरही तिची ती सवय जात नसे.

वेबसाइट करून देणं म्हणजे संपादक काही शून्यातून बांधत नसत. त्यासाठी तयार थीम मिळते. थीम म्हणजे तयार कपडे. आपण बाह्या आखूड करायच्या, गुंड्या बदलायच्या आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, की खास तुमच्या अंगावर शिवलंय. आता तयार कपड्यांत सगळ्या मापाचे मिळतातच असं नाही. संपादकांच्याच इमारतीत राहणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा तळमजल्यावर दातांचा दवाखाना होता: एक खुर्ची, एक मदतनीस बाई आणि बाहेर बसायला एक बाक. त्याला साजेशी थीम काही मिळाली नाही. मिळाली ती थेट मोठ्या इस्पितळाची. तिच्यात हृदयविकार विभाग होता, मेंदूची शस्त्रक्रिया होती, छतावर उतरणारं हेलिकॉप्टरही होतं. संपादकांनी एकेक अवयव कापत कापत ते इस्पितळ एका खुर्चीवर आणून ठेवलं होतं.

त्यात ‘आमचे डॉक्टर’ नावाचं एक पान होतं. त्यावर पांढऱ्या केसांच्या एका देखण्या गृहस्थांचा नमुन्याचा फोटो होता आणि शेजारी निरर्थक अक्षरं भरली होती. पान भरल्यावर कसं दिसेल ते बाईंना कळावं, म्हणून संपादकांनी तिथे आपल्या मनाने चार ओळी लिहिल्या. मासिक बंद पडल्यापासून त्यांच्या हाताला लिहायचं असं काही मिळालंच नव्हतं, त्यामुळे त्या ओळी जरा मन लावून लिहिल्या गेल्या. बाईंनी त्या वाचल्यासुद्धा नाहीत. “मी एकटी आहे, हे पान कशाला?” एवढं म्हणून त्या आत गेल्या. संपादकांनी पान लपवून ठेवलं. थोडं वाईट वाटलं, पण गिऱ्हाइकापुढे लेखकाचं काय चालणार.

तर हिरवा रंग. संपादकांनी बटणांना हिरवा रंग दिला आणि बटणांवरची अक्षरंही हिरवी झाली. हिरव्यावर हिरवं. ‘अपॉइंटमेंट घ्या’ हे शब्द गवतात टोळ दिसेनासा व्हावा तसे दिसेनासे झाले. अक्षरं पांढरी करायला गेले, तर मागचं अख्खं पान हिरवं झालं. ते पांढरं केलं, तर फोनवर वरचा मेनू घसरून तळाशी गेला, आणि दवाखान्याचा पत्ता शोधणाऱ्याला तो सापडायच्या आधी विहिरीत उतरल्यासारखं खाली खाली जावं लागू लागलं.

अशा वेळी दाराची बेल वाजते आणि बाहेर रिटायर्ड इंजिनिअर उभे असतात. हे वरच्या मजल्यावर राहायचे. नोकरीत असताना त्यांनी पूल बांधले होते आणि निवृत्तीनंतर सल्ले बांधायला घेतले होते. कोणी मागितला नाही म्हणून सल्ला अडून राहतो, असं त्यांच्या बाबतीत कधी झालं नाही.

“काय अडलंय?” त्यांनी खुर्ची ओढली.

संपादकांनी सांगितलं.

“अपडेट केलंत का? नाही ना? मग. जुनं ते बिघडणारच. हे बघा, इथे लिहिलंय, नवी आवृत्ती आली आहे. दाबा.”

“खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, की तुम्ही केलेले बदल पुसले जातील.”

“अहो, लिहिलेलं सगळीकडेच असतं. आपल्या लिफ्टमध्ये चार माणसं लिहिलंय. आपण चारच जातो का?”

संपादकांनी दाबलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. या धंद्यातले जाणकार मूळ थीमला हात लावत नाहीत. तिची एक पोटथीम काढतात आणि काय कापाकापी करायची ती तिच्यात करतात, म्हणजे मूळ थीम नवी झाली तरी आपली मेहनत शाबूत राहते. संपादकांना हे माहीत होतं. पण माहीत असणं आणि करणं यांच्यामध्ये माणसाचं सगळं आयुष्य पसरलेलं असतं.

चकती गरगर फिरली, थांबली, आणि पडद्यावर डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या छतावर हेलिकॉप्टर उतरलं.

मेंदूची शस्त्रक्रिया परत आली होती. हृदयविकार विभाग चोवीस तास उघडा होता. टेबलाच्या त्या टोकाकडून बायकोने मान वर केली, पडद्याकडे पाहिलं आणि लाल पेनाला टोपण घातलं.

“मी पेपर तपासते ना,” ती म्हणाली, “तेव्हा मुलाने लिहिलेलं खोडून त्यावर लिहीत नाही. शेजारी लिहिते.”

इंजिनिअर म्हणाले, “निदान वेग वाढला असेल बघा.” आणि चहा संपवून वर गेले.

संपादकांनी पदर खोचावा तशा बाह्या वर केल्या आणि पुन्हा सगळी कापाकापी केली. हेलिकॉप्टर घालवलं, मेंदू काढला, हृदय काढलं. आणि आश्चर्य म्हणजे नव्या आवृत्तीत बटणं एका फटक्यात हिरवी झाली, तीही अक्षरांसकट नीट. या आनंदात त्यांनी सगळी पानं तपासून पाहिली, एक सोडून. ‘आमचे डॉक्टर’ हे पान आपण लपवलं होतं, आणि लिहिलेला मजकूर अपडेटने पुसला जात नसला, तरी लपवणं हासुद्धा आपण केलेला एक बदलच होता, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

पुढे काही दिवस सगळं शांत होतं. मग एके सकाळी खालून फोन आला.

“संपादक, जरा खाली या. लगेच या.”

दवाखान्यात पाऊल ठेवलं आणि संपादक दचकले. ज्या बाकावर एरवी एखाददुसरं माणूस गाल धरून बसलेलं असायचं, त्यावर आज माणसं दाटीवाटीने बसली होती. दोघं भिंतीला टेकून उभी होती. एक जाडजूड आजी मांडीवर पर्स घेऊन दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. मदतनीस बाई सगळ्यांना काहीतरी समजावत होती आणि कोणालाच ते पटत नव्हतं.

डॉक्टरीणबाई मास्क हनुवटीखाली ओढून बाहेर आल्या. त्यांनी आपला फोन संपादकांच्या नाकासमोर धरला.

“हा माणूस कोण आहे?”

पांढऱ्या केसांचे ते गृहस्थ फोनमधून संपादकांकडे बघून प्रेमळ हसत होते. काहीतरी बोलायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

बाईंनी सवयीने आत डोकावून पाहिलं. “वरची डावी दाढ किडलीय तुमची. ते नंतर बघू. हा कोण आहे?”

“नमुना,” संपादक म्हणाले.

“ते दिसतंच आहे. हे सगळे लोक त्याला भेटायला आलेत.”

“म्हणजे नमुन्याचा फोटो. थीमबरोबर आलेला. असा माणूस नाहीच.”

हे दाराजवळच्या आजींनी ऐकलं. त्या जरा कमी ऐकत असाव्यात किंवा हवं तेवढंच ऐकत असाव्यात.

“नाहीयेत का आत्ता? हरकत नाही, मी बसते. माझ्या सुनेने फोनवर वाचून दाखवलंय. आधी ऐकून घेतात म्हणे, मग तोंड उघडायला सांगतात.”

“आजी, मी बघते ना तुमचा दात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“तुमच्याबद्दल काही नाही हो बाई. मागे तुम्हीच काढला होता की एक. अगदी झटकन काढलात, मला कळायच्या आत. मी म्हणत होते की कुठला ते सांगू द्या. पण काढलात तो बरोबरच होता.” आजींनी पर्स दुसऱ्या मांडीवर घेतली. “मी थांबते त्यांच्यासाठी.”

भिंतीला टेकलेल्या माणसानेही मान हलवली. तोही थांबणार होता.

डॉक्टरीणबाई तशा कमीच बोलत. पण मास्क वर ओढताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते संपादकांनी याआधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांना वाटत होतं, की या बाईंना धक्का बसायची सोयच देवाने ठेवलेली नाही.

संपादक धापा टाकत वर आले आणि त्यांनी ते पान उडवलं. उडवल्याबरोबर पूर्ण वेबसाइट पांढरीफटक पडली. दवाखान्याचं नाव नाही, पत्ता नाही, हिरवं बटण नाही. आगीतून फुफाट्यात. पान परत आणलं, वेबसाइट परत आली. पुन्हा उडवलं, पुन्हा पांढरी. नुसतं लपवलं, तरी पांढरी. त्या गृहस्थांच्या श्वासावर सगळा संसार चालू असल्यासारखं झालं होतं.

थीम विकणाऱ्या कंपनीकडे मदत मागायची सोय होती. तिथे प्रश्न लिहिला की कोणीतरी फार गोड भाषेत उत्तर देत असे. संपादकांनी सविस्तर लिहिलं. मोघम लिहिणं त्यांच्या रक्तात नव्हतं. उत्तर आलं: ‘तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आम्हाला फार वाईट वाटतं. नव्या आवृत्तीत इस्पितळात किमान एक डॉक्टर असणं गरजेचं आहे. कृपया डॉक्टर काढू नका.’

संपादकांनी लिहिलं, की हा डॉक्टर अस्तित्वातच नाही.

‘समजलं,’ उत्तर आलं. ‘कृपया त्यांना पुन्हा जोडा.’

बायकोने हे वाचलं आणि ती हसायला लागली. संपादकांना ते लागलं. घर बुडत असताना घरातलीच माणसं हसायला लागली की माणसाने जायचं कुठे? ते रुसून गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि तिथे नेमके वरच्या गॅलरीतून इंजिनिअर वाकून बघत होते.

“माणूस काढता येत नाही ना? मग फोटो बदला,” ते वरूनच म्हणाले. “चेहराच गेला की कोणी विचारणार नाही. हवा तर माझा लावा. केस पांढरेच आहेत.”

फोटो बदलायची कल्पना वाईट नव्हती. इंजिनिअरांचा फोटो मात्र संपादकांनी नम्रपणे नाकारला. दाराची बेल कधीही वाजवणारा माणूस वेबसाइटवरही हवा, इतकी त्यांची भक्ती नव्हती. हाताशी जे चित्र सापडलं ते लावलं. ती एक फुलदाणी होती. घाईत त्यांनी मजकुराकडे पाहिलं नाही, आणि त्यामुळे दुपारपासून जगाला असं दिसू लागलं, की एक निळी फुलदाणी दंतवैद्य असून तिला तीस वर्षांचा अनुभव आहे आणि ती घाबरलेल्या माणसाला कधी हसत नाही.

तरी माणसं यायची थांबली नाहीत. फुलदाणी बघून एका बाईंनी मदतनीस बाईला सांगितलं, “साधे आहेत हो. स्वतःचा फोटोसुद्धा लावत नाहीत.”

मजकूर काढायला संपादक बसलेच होते, तेवढ्यात खालून पुन्हा फोन. बाईंना नोंदणी कचेरीतून बोलावणं आलं होतं. तुमच्याकडे नोंद नसलेले एक डॉक्टर काम करतात असं निदर्शनास आलं आहे, तरी त्यांना सोबत घेऊन हजर व्हावं.

“चला,” बाई म्हणाल्या. “तुम्हीच सोबत या. तुमचाच माणूस आहे.”

आत्तापर्यंत हात दाखवून अवलक्षण एवढंच झालं होतं. आता बाईंचा दवाखानाच धोक्यात आला होता. नोंद नसलेला डॉक्टर ठेवला म्हणून परवाना गेला, तर हिरवी बटणं कोणाला दाखवायची? वाटेत त्यांनी मनातल्या मनात एक लांबलचक माफी तयार केली, तिच्यातली दोन वाक्यं खोडली आणि एक जागा बदलली. पण बाई खिडकीबाहेर बघत होत्या, त्यामुळे ती छापखान्याकडे गेलीच नाही.

कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. खोलीत पाठीला पाठ लावून कपाटं उभी होती आणि त्यांच्या आडोशाला एका टेबलामागे साहेब बसले होते. त्यांनी एक हात गालाला लावला होता. गाल चांगलाच फुगलेला होता. ते कमी बोलत होते, पण तोंड उघडायचा कंटाळा हा इथला नेमच असावा असं समजून संपादकांनी तिकडे दुर्लक्ष केलं.

“डॉक्टर कुठायत?” साहेबांनी विचारलं.

“ही मी,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही नाही. ते.”

“ते नाहीत,” संपादक म्हणाले.

“रजेवर आहेत?”

“नाहीच आहेत. मुळातच नाहीत. ते वेबसाइटच्या थीमबरोबर आले होते.”

साहेबांनी हात गालावरून काढला, वेदना झाली म्हणून पुन्हा लावला. “आले होते म्हणजे कधी रुजू झाले?”

“रुजू नाही झाले. ते चित्र आहे.”

“चित्राबद्दल आमचं काही म्हणणं नाही. चित्र काय, फुलदाणीचं आहे. खाली माहिती आहे ती कोणाची?”

“कोणाचीच नाही. मी लिहिली. मनाने.”

हे साहेबांना समजायला वेळ लागला. मग त्यांनी संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. “माझ्याकडे तीनच कारणं आहेत. नोंदणी बाकी, सोडून गेले, आणि मयत. तुम्ही म्हणताय तसं, जन्मलेच नाहीत, असं कारण यात नाही. एक निवडल्याशिवाय हे प्रकरण मिटत नाही.”

“मग मयत करून टाका,” बाई म्हणाल्या. दुपारचे पेशंट सोडून त्या आल्या होत्या.

“नको,” संपादक म्हणाले.

दोघांनीही त्यांच्याकडे पाहिलं. संपादकांना स्वतःलाच धक्का बसला होता. पण शब्द बाहेर पडून गेला होता.

“म्हणजे तशी काही हरकत नाही,” ते चाचरत म्हणाले, “पण त्यांनी कोणाचं काय वाईट केलंय? सोडून गेले लिहा. माणूस सोडून जातो. जाऊ शकतो.”

“सोडून गेले,” साहेबांनी खूण केली आणि एक निःश्वास टाकला. “मला वाटलंच होतं. चांगली माणसं टिकत नाहीत. कुठे गेले, काही पत्ता?”

“तुमच्या नोंदीसाठी हवाय का?” बाईंनी विचारलं.

साहेबांनी मान खाली घातली. “नोंदीसाठी नाही. तक्रार वगैरे कोणी केलेली नाही, बाई. माझी दाढ दुखतेय. गेले कित्येक दिवस. मला दातांच्या डॉक्टरची भीती वाटते, लहानपणापासून. घरी सांगितलं तर हसतात. यांची माहिती वाचली तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की जावं. जायच्या आधी सवयीने नोंद तपासली, तर तुमच्या दवाखान्याच्या पत्त्यावर तुमच्याशिवाय कोणाचीच नोंद सापडेना. मग बोलावणं धाडावंच लागलं, काय करणार, नियम आहे. पण मनात असं होतं, की येतीलच, तर इथेच विचारून घेऊ.”

त्यांनी खणातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. फुलदाणी यायच्या आधीच त्यांनी ते पान छापून घेतलं होतं. हाताळून हाताळून त्याच्या घड्या मऊ पडल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी तो कागद उचलला. आपल्याच वेबसाइटवरचा तो मजकूर त्या पहिल्यांदा वाचत होत्या.

‘हे आधी ऐकतात, मग तोंड उघडायला सांगतात. घाबरलेल्या माणसाला हे हसत नाहीत, कारण भीती हाही एक दुखरा दातच आहे असं यांना वाटतं. दुखणार असेल तर दुखेल असं आधी सांगतात, आणि दुखणार नाही म्हणतात तेव्हा दुखत नाही. अतिशय शांत स्वभाव. तीस वर्षांचा अनुभव.’

वाचून झालं तरी त्या कागदाकडेच बघत होत्या.

“हे तुम्ही लिहिलंत?” त्यांनी विचारलं.

“नमुन्यादाखल,” संपादक म्हणाले.

“आणि माझ्याबद्दल काय लिहिलंत?”

बाईंबद्दल काय लिहिलंय ते त्यांना पाठ होतं. ‘अद्ययावत यंत्रसामग्री उपलब्ध. वेळेवर सेवा.’

“तुम्ही मला यंत्रांची नावंच तेवढी दिली होती,” ते हळूच म्हणाले.

“हो. तेवढीच दिली होती,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर संपादकांना सोपं गेलं असतं. “तुम्ही न पाहिलेल्या माणसाबद्दल इतकं लिहिलंत. मला तर तुम्ही रोज जिन्यात बघता.”

संपादकांनी खिडकीकडे पाहिलं. साहेबांनीही गाल धरून खिडकीकडे पाहिलं.

मग बाईंनी खुर्ची ओढली, ती टेबलाच्या या बाजूने त्या बाजूला नेली आणि साहेबांच्या शेजारी बसल्या. साहेब भिंतीकडे सरकले.

“मी तोंड उघडायला सांगत नाहीये,” बाई म्हणाल्या. “काय होतंय ते सांगा.”

साहेब म्हणाले, रात्री जास्त दुखते. मग म्हणाले, लहानपणी मला चौघांनी धरलं होतं. एकदा सुरू झालं ते थांबेना. शाळेजवळचा दवाखाना, तिथला वास, हातपाय धरणारी माणसं, नंतर आईने केलेली थट्टा, सगळं आलं. बाई मध्ये मध्ये दोन वेळा घड्याळाकडे बघायला गेल्या आणि दोन्ही वेळा त्यांनी मनगट पदराआड लपवलं, हे संपादकांनी पाहिलं. एखाद्या माणसाने जड कपाट एकट्याने उचलावं तसं त्या ऐकत होत्या. जमत नव्हतं, पण सोडत नव्हत्या.

“उद्या या,” शेवटी त्या म्हणाल्या. “सुई टोचताना दुखेल. त्यानंतर नाही दुखणार.”

साहेबांनी त्यांच्याकडे अविश्वासाने पाहिलं. “हे तर त्यांचंच वाक्य आहे.”

“ते सोडून गेलेत ना,” बाई म्हणाल्या. “त्यांचे पेशंट आता मलाच बघायचे आहेत.”

जिना उतरताना संपादकांनी ती लांबलचक माफी काढली. पहिलं वाक्य संपायच्या आतच बाईंनी विचारलं, “त्या थीमला एक डॉक्टर लागतोच म्हणालात ना?”

“किमान एक.”

“मग मी कोण आहे?”

संपादक पायरीवर थबकले. थीमला एक डॉक्टर हवा होता. दवाखान्यात एक डॉक्टर होत्या. गोड भाषेत उत्तरं देणाऱ्या कंपनीला, पूल बांधलेल्या इंजिनिअरांना आणि मासिकं काढलेल्या संपादकांना हे सुचलं नव्हतं. घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, “हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही रुसून गॅलरीत गेलात, म्हणून राहिलं.”

बाईंनी आपला फोटो दिला. मजकूर तोच ठेवायचा म्हणाल्या. मराठी भाषेचे उपकार असे, की वर्तमानकाळात आदराने बोललं की बाई आणि पुरुष यांच्या क्रियापदांत फरक उरत नाही. ‘ऐकतात’ ते ‘ऐकतात’च राहिलं, ‘सांगतात’ ते ‘सांगतात’च. संपादकांना फक्त ‘हे’च्या जागी ‘या’ करावं लागलं, आणि ‘यांना वाटतं’ ते तर तसंच चाललं. त्यांनी छापून बाईंपुढे ठेवलं. बाईंनी पेन घेतलं, ‘तीस वर्षांचा अनुभव’ खोडलं, कारण तो खरा नव्हता. मग ‘अतिशय शांत स्वभाव’वर पेन थांबलं. थोडा विचार करून त्यांनी तेही खोडलं.

“हे पुढच्या वर्षी बघू,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर दवाखान्यात जे व्हायचं ते झालं. साहेब आले, थरथरत खुर्चीत बसले आणि दाढ हातात घेऊन उतरले. आजींना पांढऱ्या केसांचे डॉक्टर गेल्याचं कळलं तेव्हा त्या हळहळल्या, पण मग बाईंनी “कुठला दात ते तुम्हीच सांगा” म्हटल्यावर त्यांनी दातापासून सुरुवात केली आणि सुनेपर्यंत पोचल्या. बाई ऐकत होत्या. बाकावरची माणसं जांभया देत होती. ज्या दवाखान्यात घड्याळ लावून घ्यावं अशी ख्याती होती, तिथे आता दुपारची माणसं संध्याकाळपर्यंत बसून राहू लागली, आणि कोणीतरी चिडून बोललंही, की पूर्वी कसं झटकन व्हायचं.

एके दिवशी संपादक स्वतःची डावी दाढ घेऊन खाली गेले. खूप वेळाने नंबर लागला. बाई दमलेल्या दिसत होत्या. केस विस्कटलेले, आवाज बसलेला.

“वेबसाइटवर एक वाक्य वाढवायचंय,” त्या म्हणाल्या. “लिहा, ‘इथे थांबावं लागतं.’”

“जरा गोड करू का?” संपादकांनी विचारलं. “म्हणजे, ‘आपल्या प्रतीक्षेबद्दल आम्ही आपले’ वगैरे?”

“नको. लागतं तर लागतं म्हणावं.” त्यांनी दिवा ओढून घेतला. संपादकांनी घाबरून तोंड उघडलं.

“मिटा,” बाई म्हणाल्या, आणि स्टूल पुढे घेऊन बसल्या. “आधी सांगा.”